पंपघराची कोरी भिंत

पुण्याच्या कचेरीत माझी शेवटची दोन वर्षं उरली होती तेव्हा आमच्याकडे एक नवा इंजिनिअर आला. हुशार. एके दिवशी दुपारी खुर्ची माझ्याकडे फिरवून म्हणाला, "सर, ती सर्व्हिस सारखी बंद पडत होती ना, तिचा बंदोबस्त केलाय. आता कितीही वेळा पडू दे, पडली की लगेच उठेल. मोजायचंच नाही, असं सांगून ठेवलंय सिस्टीमला. पडली होती हे कुणाला कळणारसुद्धा नाही."

मी त्याच्यावर असा ओरडलो की शेजारच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. स्वभाव माझा तापटच आहे, घरचेही तेच म्हणतात. पण त्या दिवशीचं ओरडणं मलाच नवीन होतं. संध्याकाळी मी त्याला चहा पाजला, माफी मागितली, पण कारण सांगितलं नाही. कारण सांगायचं तर एका माणसाच्या उजव्या हाताबद्दल सांगावं लागलं असतं, आणि तो हात कुणामुळे गेला तेही.

कॉम्प्युटरच्या पोटातलं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पडद्यावर आपल्याला जे दिसतं त्याच्या मागे पुष्कळ कामं गुपचूप चालू असतात. कुणी पत्रं पोचवतं, कुणी घड्याळ बरोबर ठेवतं, कुणी छपाईची रांग सांभाळतं. या मागच्या कामांना सर्व्हिस म्हणायचं. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये त्या सगळ्यांवर लक्ष ठेवणारा एक मुकादम असतो. सिस्टीम जागी झाली की आधी तो उठतो, मग बाकीच्यांना उठवतो. एखादी सर्व्हिस मरून पडली तर तो थोडं थांबतो आणि तिला पुन्हा सुरू करतो. पण शहाणा मुकादम मोजतोही. थोड्या वेळात ती फार वेळा पडली तर तो हात आखडतो, वहीत नोंद करतो आणि माणसाची वाट बघत बसतो. हे मोजणं बंद करता येतं. आमच्या इंजिनिअरनं तेच केलं होतं आणि त्याच्याही आधी, कॉम्प्युटर म्हणजे काय हे ठाऊक नसताना, मी तेच केलं होतं.

बहात्तरचा दुष्काळ होता. नगरच्या आयटीआयमधून वायरमनचा कागद घेऊन मी नुकताच बाहेर पडलो होतो आणि पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात पाणीपुरवठ्याच्या पंपावर ऑपरेटर म्हणून लागलो होतो. गाव उंचावर, विहीर खाली ओढ्यात, मधे दीड मैल उघडा माळ. विहिरीतलं पाणी पंपानं गावच्या टाकीत चढायचं आणि टाकीखालच्या नळांवर सकाळपासून बायकांची रांग. अर्धं गाव उसाच्या तोडीला किंवा खडी फोडायच्या कामावर गेलेलं. उरलेल्यांना पाणी म्हणजे हेच.

मला शिकवलं ते मिस्तरींनी. ते पाथर्डीला राहायचे, आसपासच्या गावांचे पंप त्यांच्याकडे होते, आणि आमच्याकडे दर गुरुवारी सकाळच्या एसटीनं यायचे. शुक्रवारी कुठेच जायचे नाहीत, तो दिवस मशिदीचा. किडकिडीत माणूस, डोक्याला रुमाल, आणि उजवा हात मात्र अंगाला न शोभेल एवढा मोठा. तो हात मोटरीवर ठेवून ते डोळे मिटायचे आणि आत काय बिघडलंय ते सांगायचे. मी पहिल्या दिवशी मनातल्या मनात हसलो होतो.

विहिरीच्या काठावर पंपघर होतं. पंपघर म्हणजे पत्र्याची खोली. तिच्यात भिंतीला स्टार्टर, त्याला हिरवं बटण चालू करायला आणि लाल बंद करायला. शेजारी चिनी मातीचे तीन फ्यूज. मेन स्विचचा दांडा माझ्या आधीच तुटला होता, त्यामुळे लाईन खरोखर तोडायची म्हणजे ते फ्यूज उपसायचे. पाणी जसजसं खाली गेलं तसतसे मोटर आणि पंपही खाली नेले होते, विहिरीत आडव्या टाकलेल्या दोन गर्डरवर. वर बटण आणि खाली यंत्र. वरच्याला खालचं दिसत नाही आणि खालच्याला वरचं.

मिस्तरींनी पहिल्याच गुरुवारी नियम सांगितले. मोटरीवर जास्त ताण आला की स्टार्टरमधली एक पट्टी तापून वाकते आणि मोटर बंद पडते. तशी बंद पडली तर काय करायचं?

"पैल्यांदा पडली तर बटन दाब," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा पडली तर मोटरीच्या अंगावर हात ठेव आन् गार हुईस्तवर थांब. तिसऱ्यांदा पडली तर बटनाला हात लावायचा न्हाई. तिला बोलता येत न्हाई, म्हणून ती थांबती. काय म्हणती ते खाली उतरून बघायचं. न्हाई कळलं तर कंडक्टरजवळ मला चिठ्ठी धाड."

आणि दर वेळी भिंतीवर खडूनं एक रेघ. दिवसाच्या रेघा एका ओळीत. गुरुवारी आल्या आल्या मिस्तरी आधी ती भिंत वाचायचे, मग मोटर बघायचे, आणि जाताना ओल्या फडक्यानं पुसून टाकायचे. डॉक्टरनं तापाचा कागद वाचावा तसे ते त्या रेघा वाचत.

दुसरा नियम त्यांनी सांगितला नाही, करून दाखवला. विहिरीत उतरायच्या आधी त्यांनी तिन्ही फ्यूज उपसले आणि कोटाच्या खिशात टाकले. उतरताना ते खिशात एकमेकांवर वाजत होते. "उतरनाऱ्याच्या खिशात," एवढंच म्हणाले. वर कितीही भरवशाचा माणूस उभा असो, फ्यूज उतरणाऱ्याच्या खिशात.

दोन महिने मी सगळं बिनचूक केलं. मग कंटाळलो.

वीज दिवसातून चार-पाच वेळा जायची. गेली की स्टार्टर सुटायचा, आणि वीज परत आली तरी कुणी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू व्हायची नाही. मी टाकीवर असलो की पंप बंद, पंपावर असलो की टाकीवर नळाची भांडणं. दीड मैल उन्हातून जायचं, बटण दाबायचं, परत यायचं, की पुन्हा वीज गेलेली. एकदा नळावरची एक म्हातारी मला म्हणाली, "तुला पगार चालायचा मिळतो का पान्याचा?" रांगेतल्या सगळ्या बायका हसल्या. मला ते लागलं.

दुसऱ्या दिवशी मी बाभळीची एक ढलपी तासली आणि हिरव्या बटणाच्या कडेला ठोकून दिली, बटण कायमचं आत दाबलेलं राहील अशी. आता वीज आली की मोटर आपोआप सुरू. मग स्टार्टर उघडून आतला एक छोटा स्क्रू फिरवला. त्यामुळे ताणानं बंद पडलेली मोटर पट्टी गार झाल्यावर स्वतःच पुन्हा सुरू व्हायला लागली. एक विडी ओढून संपेल एवढ्या वेळात ती उठायची. दोन्ही मिळून मला पाव तास लागला असेल. फार हुशारी केल्यासारखं वाटलं, ते लपवत नाही.

गावात माझं नाव झालं. पंप आपोआप चालतो म्हणून लोक कौतुकानं बोलायचे. तीच म्हातारी म्हणाली, "गुनाचा हात हाय तुजा." मी टाकीवर सावलीत बसायला लागलो. नळीतून पाणी यायचं, थांबायचं, पुन्हा यायचं. थांबलं की मी म्हणायचो, लाईट गेली असेल. आलं की म्हणायचो, आली. पंपघराच्या भिंतीवर रेघ ओढायला तिथे कुणी नव्हतं. भिंत कोरी राहिली.

आज हे लिहिताना मला त्या थांबण्याचीच भीती वाटते. पाणी सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा थांबायचं. मग जास्त. पाण्याला रंग आला, हंड्याच्या तळाशी बोटभर गाळ बसायला लागला. बायका कुरकुरल्या, तर मी म्हणालो विहीर आटत आलीय, दुष्काळ आहे, मी काय करू. एकदा मुद्दाम खाली जाऊन मोटरीवर हात ठेवला आणि लगेच उचलला, एवढी ती तापली होती. वार्निश जळाल्याचा वास येत होता. मी थोडा वेळ गर्डरवर उभा राहिलो. माझ्या समोर ती एकदा घुमघुमली, फिरलीच नाही, आणि गप्प झाली. मी शिडी चढून वर आलो आणि टाकीवर गेलो. पाणी येत होतं, एवढंच. थांबत थांबत का होईना, येत होतं.

पुढे शिकत शिकत मी कॉम्प्युटरच्या कामात आलो, तिथेही हे कितीदा तरी पाहिलं. सर्व्हिस आतून कुजत असते, मुकादम तिला उठवत असतो, आणि बाहेर सगळं आलबेल दिसतं. उठवण्यानं रोग बरा होत नाही, फक्त झाकला जातो. तिची हालत विचारली तर पडद्यावर 'बंद' असं येत नाही, पुन्हा सुरू होण्याच्या वाटेवर आहे असं येतं. या दोहोंतला फरक मी नव्या पोरांना घसा कोरडा होईपर्यंत सांगायचो. ती मान डोलवायची आणि एकमेकांकडे बघायची.

मधले काही गुरुवार मिस्तरी आलेच नव्हते. दुसऱ्या गावांचे पंप बसले होते, तिकडे अडकले होते. मी चिठ्ठी पाठवली असती तर आले असते. अखेर एका गुरुवारी ते न कळवता एसटीतून उतरले आणि मला टाकीवरून बरोबर घेऊन विहिरीकडे निघाले. दीड मैलात ते दुष्काळाबद्दल बोलत होते आणि मी ढलपीबद्दल विचार करत होतो. पुढे पळत जाऊन काढावी तर कारण काय सांगणार?

पंपघरात शिरताच ते भिंतीकडे वळले. कोरी भिंत बघून त्यांचा चेहरा उजळला. "एवढ्या दिसांत एक बी रेघ न्हाई? लई भारी राखली गड्या मोटर." मी स्टार्टरला पाठ लावून उभा राहिलो होतो. त्यांना तो दिसू नये म्हणून.

तेवढ्यात विहिरीतून ती घुमघुम वर आली आणि गप्प झाली. मिस्तरींनी मान तिरकी केली.

"आडकलीय की रं. कदीपास्नं?"

"आजच," मी म्हणालो.

"गाळ धरला आसंल. उतरतो." रुमाल घट्ट करून ते फ्यूजकडे, म्हणजे माझ्याकडे आले. दोन पावलं आणखी आले असते तर ढलपी दिसली असती. मी त्यांच्यासमोर लाल बटण दाबलं आणि म्हणालो, "तुम्ही उतरा मिस्तरी. फ्यूज मी काढतो. मी इथंच आहे ना."

ते थांबले. मला वाटतं त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं. त्या भिंतीनंच त्यांना सांगितलं की हा पोरगा नियमानं वागणारा आहे. "बरं," ते म्हणाले, आणि रिकाम्या खिशानं शिडी उतरायला लागले.

फ्यूज उपसायला मला किती वेळ लागला असता? तीन फ्यूज, तीन हिसके. पण माझ्या डोक्यात ढलपीशिवाय दुसरं काहीच नव्हतं. ती आधी नाहीशी करायची, मग फ्यूज. लाल बटणाचा उपयोग बोट त्यावर असेपर्यंतच होता. हिरवं ढलपीनं दाबलेलं, त्यामुळे पट्टी गार झाली की मोटर सुरू होणार हे मला पक्कं ठाऊक होतं. अजून वेळ आहे असं मी धरून चाललो. नखांनी ढलपी ओढली. ती मोडली. अर्धी हातात आली, अर्धी आतच अडकली.

खालून आवाज आला, "काढलं का रं फ्यूज?"

"काढले," मी म्हणालो.

हे मी पुढच्या क्षणी खरं करणार होतो. देवाशपथ करणार होतो.

"मंग मोठा पाना सोड."

पाना दोरीला बांधलेला दारातच पडला होता. तो सोडतो आणि येऊन फ्यूज काढतो, असं मनाशी म्हणत मी काठावर गेलो आणि खाली वाकलो. मिस्तरी गर्डरवर उकिडवे बसले होते. मोटर आणि पंप यांना जोडणाऱ्या चकतीवर त्यांनी उजवा हात ठेवला होता, आणि पाना येईपर्यंत ते ती हातानं मागेपुढे हलवून बघत होते. डोळे मिटलेले. मग चेहरा वर करून ते हसून ओरडले, "सुटली रं!"

माझ्या पाठीमागे पंपघरात स्टार्टर टक्कन लागला.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. लाल बटणावर अंगठा रोवून मी दुसऱ्या हातानं फ्यूज उपसले. शिडीवरून उतरताना ते माझ्या खिशात वाजत होते, तो आवाज आठवतो. चकती थांबली होती. मिस्तरी ओरडत नव्हते. त्यांनी डाव्या हातानं रुमाल सोडून उजव्या हातावर दाबला होता आणि मला म्हणत होते, "बघू नगं, तू बघू नगं." मला भोवळ येईल अशी त्यांना काळजी वाटत होती.

खडीच्या कामावरची जीप मिळाली आणि आम्ही नगरला पोचलो. मनगटापासून पुढे काही वाचलं नाही. गावाला त्या दिवशी पाणी मिळालं नाही, कारण फ्यूज माझ्या खिशातच राहिले होते. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना ते हाताला लागले.

चौकशीला एक साहेब आले. पंपघर पाहून गेले. तोवर अर्धी राहिलेली ढलपी मी चाकूनं कोरून काढली होती आणि स्क्रूही पहिल्यासारखा फिरवून ठेवला होता. साहेबांनी लिहून घेतलं की भिंतीवर आधीच्या बिघाडाची एकही रेघ नाही, म्हणजे यंत्र चांगल्या अवस्थेत होतं आणि ऑपरेटरकडून हयगय झालेली दिसत नाही. मग ते दवाखान्यात गेले. मिस्तरींनी सांगितलं, फ्यूज काढायचे राहिले ते माझ्याकडनं, त्या पोराचा दोष नाही. माझी नोकरी राहिली. मी जी भिंत कोरी ठेवली तिनंच मला वाचवलं, या गोष्टीची मला तेव्हा लाज वाटली आणि आजही वाटते.

साहेब गेल्यावर मी आत गेलो. जेवण आलं होतं. मिस्तरी डाव्या हातानं भाकरी मोडायची खटपट करत होते आणि ती ताटाबाहेर सरकत होती. मी पुढे झालो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. शिकायलाच पायजे." मी खाली मान घालून ढलपीचं सांगितलं, स्क्रूचं सांगितलं, 'काढले' म्हणालो त्याचंही सांगितलं. ते ऐकत होते. मला वाटलं आता शिव्या देतील. मला शिव्या हव्या होत्या.

"मला गाडीतच कळलं हुतं," ते म्हणाले. "फ्यूज काढल्यावर मोटर कशी सुरू हुईल?"

मग त्यांनी डाव्या हातानं ताट बाजूला सारलं. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली.

"माज्या आदी ती किती येळा थांबली हुती?"

दहा वेळा? शंभर? हजार? मी टाकीवर सावलीत बसलो होतो. ती थांबत होती, उठत होती, पुन्हा थांबत होती, आणि त्यातली एकही वेळ कुणाच्या लेखी नव्हती.

"माहीत नाही," मी म्हणालो.

त्यांनी बांधलेला हात छातीवर घेतला आणि डोळे मिटले, मोटर ऐकताना मिटायचे तसेच.

"मंग येक रेघ तरी मार," ते म्हणाले. "माज्या हाताची."

मी संध्याकाळच्या एसटीनं गावात उतरलो आणि थेट विहिरीकडे चालत गेलो. फ्यूज अजून खिशातच होते, ते लावले नाहीत. खडू होता तिथंच, खिडकीत, धूळ खात पडलेला. तो उचलला आणि त्या कोऱ्या भिंतीवर एक रेघ ओढली.